न्यूयॉर्कमध्ये भाऊ शेल्टरमध्ये राहतोय, गोळ्या घेत नाही. कोर्टाकडून ट्रीटमेंट सक्तीची करता येते का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ चार महिने ब्रॉन्क्सच्या शेल्टरमध्ये आहे, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बंद केल्यात, आई पुण्याहून रोज फोन करते, आणि कुणीतरी सांगितलं की इथे कोर्ट औषध घ्यायला लावतं. तसा कायदा आहे, पण त्यातून नक्की काय मिळतं ते आधी समजून घ्या, माझ्या दादाची ही ऑर्डर दोन वर्षं होती म्हणून सांगतेय.

त्याला सगळे केंड्राज लॉ म्हणतात. जानेवारी 1999 मध्ये मॅनहॅटनच्या 23व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनवर केंड्रा वेबडेल या 32 वर्षांच्या मुलीला एका स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाने ट्रेनपुढे ढकललं, त्याच वर्षी कायदा झाला. ही घटना सांगताना लोक एक गोष्ट गाळतात आणि मला तीच सगळ्यात जास्त लागते, तो माणूस त्याआधी कितीतरी वेळा स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलमध्ये गेला होता, देखरेखीत राहायची सोय मागत होता, पण जागा नसायची.

आता तुमचं. भाऊ 18 च्या वर हवा, आणि औषध सोडल्यामुळे गेल्या 36 महिन्यांत दोनदा तरी अ‍ॅडमिट झालेला हवा, किंवा 48 महिन्यांत मारहाण, स्वतःला इजा असं काही घडलेलं हवं. एवढंच पुरत नाही, ट्रीटमेंटशिवाय तो बाहेर सुरक्षित राहू शकत नाही हेही कोर्टाला पटवावं लागतं. अर्ज सख्खा भाऊ किंवा बहीण म्हणून तुम्हीही करू शकता, पण सोबत डॉक्टरचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं आणि त्या डॉक्टरने अर्जाच्या आधीच्या 10 दिवसांत त्याला तपासलेलं असावं लागतं, किंवा निदान प्रयत्न करूनही तो तपासणीला तयार झाला नाही असं लिहून द्यावं लागतं. शेल्टरमधल्या माणसाला डॉक्टरसमोर बसवणं हेच सगळ्यात अवघड, म्हणून तो पुढच्या वेळी अ‍ॅडमिट होईल तेव्हा डिस्चार्जच्या आधीच हॉस्पिटलच्या सोशल वर्करला अर्जाचं विचारा. प्रायव्हसीच्या नियमांमुळे ते तुम्हाला काही सांगणार नाहीत पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कुठलाच नियम आडवा येत नाही. मी कधी अ‍ॅडमिट, कधी डिस्चार्ज, कधीपासून गोळ्या बंद, सगळं एका वहीत तारखांसकट लिहून ठेवलं होतं, तीच वही कामाला आली. दादाला कोर्टाकडून फुकट वकील मिळाला आणि त्याने ऑर्डरला विरोध केला, मला तेव्हा राग आला होता, आज वाटतं की दादाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथे असायलाच हवं होतं.

ऑर्डर जास्तीत जास्त एक वर्षाची असते, पुढे वाढवता येते. तिच्या जोरावर कुणी त्याला धरून इंजेक्शन देऊ शकत नाही, औषध नाही घेतलं तर जेलही नाही. फार तर डॉक्टर त्याला तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये आणायला सांगतो आणि 72 तासांपर्यंत ठेवतात. मग उपयोग काय? ऑर्डरबरोबर केस मॅनेजर, म्हणजे त्याच्या सगळ्या सेवांची जुळवाजुळव करणारा माणूस, किंवा अ‍ॅक्ट (ACT) टीम द्यावीच लागते, म्हणजे नर्स, डॉक्टर, सोशल वर्कर, जे त्याच्यापर्यंत चालत येतात.

पण येणार कुठे? दादाच्या ऑर्डरचे पहिले पाच महिने वाया गेले. रात्री वेळेत पोचला नाही की बेड जायचा, मग दुसरं शेल्टर, टीम जुन्या पत्त्यावर जाऊन परत यायची आणि मला फोन करून विचारायची की तो कुठे आहे, मला तरी कुठे माहीत होतं. सपोर्टिव्ह हाउसिंगमध्ये, म्हणजे मदतीच्या सेवांसकट मिळणाऱ्या घरात, एक खोली मिळाली, स्वतःची किल्ली मिळाली, त्यानंतर दीडेक महिन्यात त्याने महिन्याचं इंजेक्शन घ्यायला होकार दिला. म्हणून हाउसिंगचा अर्ज, इथे त्याला 2010ई म्हणतात, केस मॅनेजरकडून पहिल्याच आठवड्यात भरून घ्या, आणि ट्रीटमेंट प्लॅनमध्ये राहायच्या जागेचा उल्लेख येऊ शकतो तो यावा म्हणून भांडा.

राज्याच्या 2005 च्या रिपोर्टमध्ये ऑर्डरवर असताना बेघर होण्याचं प्रमाण 74 टक्क्यांनी कमी झालं असा आकडा आहे. पण त्याआधी बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये एक पायलट अभ्यास झाला होता, दोन्ही गटांना जास्तीची सेवा दिली, ऑर्डर एकालाच, आणि दोघांत म्हणावा असा फरक दिसला नाही. मला तरी हेच पटतं, दादा सुधारला तो त्याच्या दारात माणसं येत राहिली म्हणून, आणि त्यासाठी आधी दार लागतं.

आईंना सांगा की पुण्याला नेलं तरी अशी ऑर्डर तिकडे मिळणार नाही, आपल्या 2017 च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये बाहेर राहून सक्तीच्या ट्रीटमेंटची सोय नाहीये.

दादाची ऑर्डर संपून आता तीन वर्षं झाली. आपल्याला आजार आहे हे तो अजून मानत नाही. पण नर्स येते त्या गुरुवारी तो सकाळीच खोली झाडून ठेवतो.