रणगाड्याखालचा माणूस दाखवायचा कसा?

प्रश्न : काका, माझे आजोबा बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराचं इंजिनिअर दल) हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावातल्या माजी सैनिक मेळाव्यासाठी मी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्याखालून सुरुंग काढण्याच्या कामगिरीचा डायोरामा (छोट्या प्रतिकृतींचा देखावा) करतोय. 1/35 मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, स्टुअर्ट रणगाडा जोडून झालाय. पण राण्यांना खाली ठेवलं की ते दिसतच नाहीत. बाहेर काढू का? आणि स्फोट, रक्त किती दाखवू?
– एक वाचक, कराड

उत्तर : बाहेर अजिबात काढू नकोस! मी एकदा काढले होते. रणगाड्याशेजारी उभे, हात पुढे केलेला, मागे काळ्या कापसाचा धूर. प्रदर्शनात एक निवृत्त सुभेदार हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सुरुंग काढताना असं उभं कोण राहतं हो?" तो कापूस मी घरी येऊन उपटला.

राणे रणगाड्याखालून सरपटत, दोरीनं चालकाला खुणा करत पुढे गेले. तुझा डायोरामा त्या दोरीचा आहे, तोफेचा नाही. स्टुअर्टच्या पोटाखाली या मापात जेमतेम सेंटिमीटरभर जागा मिळते. ब्रिटिश पायदळाच्या संचातला एखादा सैनिक घे, कमरेत काप, पालथा जुळव, फट एम-सीलनं भर. कोपर जमिनीला टेकलंच पाहिजे. अधांतरी कोपर लांबूनही कळतं. रणगाड्याचं तोंड बघणाऱ्याकडे कर, म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या मधून डोकं आणि हात दिसतील. आणि मांडणी टेबलावर नको, डोळ्यांच्या उंचीवर हवी. वरून बघणाऱ्याला फक्त रणगाडा दिसतो.

दोरीसाठी शिवणाचा साधा दोरा घे. त्याचे तंतू या मापात सुंभासारखे दिसतात, म्हणून आधी मेणबत्तीवरून दोनदा ओढ. सुरुंगांना पंचिंग मशीनच्या टिकल्या चालतील : 6 मिलिमीटरची टिकली म्हणजे खरा 21 सेंटिमीटरचा सुरुंग. तीन-चार एकावर एक चिकटवून जाडी आण आणि निम्म्या मातीत बुडव. माती मैद्याच्या चाळणीनं चाळ, नाहीतर खडे धोंड्यांएवढे वाटतील.

शत्रूनं चिडाची (पाइनची) झाडं आडवी पाडून रस्ता अडवला होता, भोवती सुरुंग पेरले होते. ते एक झाड घेच. खोडाला सुकी काटकी, पानांना काथ्या.

रक्त नको. 8 एप्रिल 1948 रोजी काम सुरू व्हायच्या आधीच उखळी तोफांचा मारा झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोन जवान गेले, राण्यांसह पाच जखमी झाले. हे खालच्या पाटीवर साध्या अक्षरांत लिही. तरीही काम 11 तारखेपर्यंत चाललं, तेव्हा रणगाडा, माणसं, सगळ्यांवर एकाच धुळीचा हात फिरव. इस्त्रीचे कपडे दिसले की मेळाव्यातले म्हातारे हसतील. राण्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते स्वीकारायला ते स्वतः हयात होते, हेही पाटीवर येऊ दे.

राहता राहिला हात. सुरुंग चाचपताना संगीन कशी तिरकी धरतात, ते पुस्तकात शोधत बसू नकोस. आजोबांना ओटीवर पालथं झोपून दाखवायला सांग आणि मोबाइलवर फोटो काढ. आजीला मात्र आधी सांगून ठेव.