सही केली म्हणजे तो गेला, असं होतं का?

बेपत्ता जवानाच्या घरून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नाचे शब्द बदलतात, पण गाभा एकच असतो: पेन्शनच्या कागदावर सही करून आपणच त्याला मेलेला ठरवायचं का? पुढची हकिकत दोन-तीन घरांचे तपशील मिसळून, ओळख पुसून लिहिली आहे.

जवान सातारा जिल्ह्यातला. ईशान्य सीमेवर गस्तीत नदी ओलांडताना दोर सुटला आणि तो वाहून गेला. पाठीवरची पिशवी सापडली, तो सापडला नाही. युनिटने त्याच्या सामानाची काळी पेटी घरी पाठवली. त्याच्या आईने, म्हणजे त्याच्या बायकोच्या सासूबाईंनी, ती उघडली नाही. रोज संध्याकाळी त्या पेटीवर त्याचं ताट वाढून झाकून ठेवायच्या. नऊ महिने झाले तरी अर्ज तसाच पडून होता, कारण पहिल्याच पानावर ‘विधवा’ असा शब्द होता. सून सही करायला तयार होती, पण सासूबाई म्हणाल्या, “तू सही केलीस की ते शोधायचं सोडतील.”

ही भीती खुळी नाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात या दुःखाचा वेगळा अभ्यास मांडला. माणूस घरात नाही, पण गेला असंही नाही. अशा घरात कोणी आशा धरली की दुसऱ्याला ते वेड वाटतं, कोणी व्यवहाराचं बोललं की तो विश्वासघात वाटतो. म्हणून सासू-सुनेपैकी कोण बरोबर, हा वाद आम्ही लावतच नाही. आधी कागद वाचायला घेतो.

बेपत्ता कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला पेन्शन देताना सरकार दोन जामिनांसह इन्डेम्निटी बॉन्ड, म्हणजे भरपाईचं हमीपत्र, लिहून घेतं. त्यात लिहिलेलं असतं की तो पुढे परत आला आणि त्याने हक्क सांगितला, तर दिलेली रक्कम त्याच्या देण्यातून वळती केली जाईल. सुनेने हे वाक्य सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं. सरकारनेही तो परत येण्याची जागा मोकळी ठेवली होती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ‘विधवा’ शब्दाबद्दल सोबतच्या पत्रात ‘बेपत्ता सैनिकाची पत्नी’ असं स्पष्ट लिहिलं. शिवाय शोधाचं काम युनिटचं आणि पेन्शनची फाईल सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसची. एक सुरू झालं म्हणून दुसरं थांबत नाही.

केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पोलीस तक्रारीपासून सहा महिन्यांनी कुटुंबाला पेन्शनचा दावा करता येतो. पोलिसांचा ‘शोध लागला नाही’ असा अहवाल मात्र हवा. अडतं बहुतेक इथेच. तक्रार घटना घडली त्या ठाण्यात युनिट करतं, आणि तिची प्रत घरी पोचतच नाही. ती युनिटकडून लेखी मागा. जवानाची नोंद नेमकी कशी झाली आहे, नुसता ‘बेपत्ता’ की ‘बेपत्ता, मृत समजलेला’, आणि चौकशीचा निष्कर्ष काय, हेही त्याच पत्रात विचारा. कारण पुढची रक्कम त्यावरच ठरते. दुसरी अडचण नावाची. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली लग्नाची नोंद, निघालेलीच नसते, किंवा तिथे माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. या घरात तेवढ्यासाठी चार महिने गेले. लग्नाचा दाखला देऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आधी हेच दुरुस्त करून घ्या.

जवान रजेवरून परतताना रेल्वेतून बेपत्ता झाला असेल, तर घाई जास्त. परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिला की सैन्य कायद्याच्या कलम १०६ खाली चौकशी बसते, आणि तो पळून गेला अशी नोंद होऊ शकते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात रेल्वे पोलिसांत तक्रार करा. तिची प्रत, तिकीट आणि शेवटच्या फोनचा तपशील स्पीड पोस्टने युनिटला पाठवा.

मृत्यू गृहीत धरण्याची गोष्ट वेगळी. सात वर्षं काहीच खबर नसेल तर तसं मानता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं हे कलम १११, जुन्या कायद्यातलं १०८. तरी मृत्यूची तारीख त्यातून आपोआप ठरत नाही. तोवर विम्याचे हप्ते चुकवू नका, पॉलिसी बंद पडली की दावा लटकतो.

सासूबाईंनी विचारलं, “आणि दिवस?” आपल्याकडे बारा वर्षं वाट पाहून, पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करण्याची रीत आहे. त्यानंतर माणूस परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायलाही शास्त्रात सांगितलं आहे. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मंगळसूत्राचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

आईला करता येण्यासारखं एक काम आम्ही आवर्जून सांगतो. सियाचीनमध्ये १९८४ साली बेपत्ता झालेल्या जवानाचे अवशेष २०२२ साली मिळाले आणि ओळख पटली ती लष्करी क्रमांकाच्या बिल्ल्यावरून. बिल्ला नेहमी मिळेल असं नाही. म्हणून आईच्या आणि मुलाच्या रक्ताचा नमुना डीएनए तुलनेसाठी जपून ठेवता येईल का, हे युनिटला आत्ताच विचारा. बायकोचा एकटीचा नमुना जुळवायला उपयोगी नाही. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्या पत्रावर अंगठा दिला.

“तो तुरुंगात दिसला, पैसे पाठवा” असे फोन येतातच. भारत-पाकिस्तान २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. खबर सीमेपलीकडची असेल तर चौकशी परराष्ट्र मंत्रालयामार्फतच करा, एक रुपयाही देऊ नका.

मुलाला “बाबा ड्युटीवर आहेत” असं सांगणं बंद केलं. “बाबा नदीत वाहून गेले, शोधलं, अजून सापडले नाहीत,” एवढंच. त्याने विचारलं, “मग ताट?” आजी म्हणाली, “ते माझ्यासाठी ठेवते.”

बॉन्डवर पहिला जामीन दीर झाला. दुसऱ्या जामिनासाठी गावात दोन घरं फिरून झाली. शेवटी सासूबाईंनी काळ्या पेटीवरचं ताट बाजूला केलं, स्वतःच्या नावचा सातबारा तिथे ठेवला आणि म्हणाल्या, “परत आला तर पैसे मी भरेन. माझं नाव घाला.”