ट्रक, गिल्ड, स्टेटस विंडो: इसेकाईचा कंटाळा नेमका कशाने येतो

ट्रकखाली मेलेला नायक, देवीने दिलेली अचाट शक्ती, गिल्डचं म्हणजे साहसवीरांच्या संघाचं कार्ड, नायकाची ताकद आकड्यांत दाखवणारी, हवेत उघडणारी स्टेटस विंडो हे सगळं इतक्यांदा बघून झालंय की आता फक्त विनोदी इसेकाई (दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या जपानी अ‍ॅनिमे मालिका) बघवतात, मग गंभीर इसेकाईच्या वाटेला जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी हा प्रकार बरीच वर्षं बघतेय आणि यातल्या काही मालिका दोन-तीनदा बघून झाल्यात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. पुढे बरीच कथानकं उघड होतील. ग्रिमगार आणि री:झीरो बघायच्या बाकी असतील तर तेवढे परिच्छेद गाळा.

आधी ट्रोप्सबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक गोष्टींबद्दल. इसेकाई म्हणजे दुसरं जग, आणि दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या गोष्टी अ‍ॅनिमेत जुन्याच आहेत. 1983 मध्ये 'डनबाईन' होती. नव्वदच्या दशकात 'मॅजिक नाइट रेअर्थ', 'फुशिगी युगी', 'एस्काफ्लोन' आल्या. 2002 मध्ये 'ट्वेल्व्ह किंगडम्स' आली. या बहुतेक गोष्टींत दुसऱ्या जगात जाणारी व्यक्ती शाळकरी मुलगी असते आणि ट्रक, गिल्ड, लेव्हल यांतलं काही नसतं. आज आपल्याला जे घासून गुळगुळीत वाटतं ते सगळं त्यानंतर आलं, आणि त्यातलं पुष्कळसं एकाच ठिकाणाहून आलं. 'शोसेत्सुका नि नारो', म्हणजे 'चला, कादंबरीकार होऊ या', ही साइट 2004 मध्ये सुरू झाली. कुणीही तिथे प्रकरणं टाकावीत, वाचकांनी फुकट वाचावीत आणि गुणांवरून क्रमवारी ठरावी, अशी ही व्यवस्था. हजारो गोष्टींच्या यादीत तुमच्या गोष्टीवर कुणी बोट ठेवावं म्हणून शीर्षकातच अख्खं कथानक सांगायचं. वाचक पहिल्याच प्रकरणात निघून जाऊ नये म्हणून नव्या जगाची ओळख दोन परिच्छेदांत उरकायची. मग ड्रॅगन क्वेस्टसारख्या गेम्समुळे जपानी वाचकाला लहानपणापासून पाठ असलेले स्लाइम (लिबलिबीत, कमजोर राक्षस), दानवराजा आणि लेव्हल लेखकाच्या मदतीला आले. 2016 पर्यंत हे पीक इतकं माजलं की त्या साइटला इसेकाई कथांची क्रमवारी वेगळी करावी लागली.

म्हणून मी स्टेटस विंडोवर चिडत नाही. आपल्या कहाण्यांत 'आटपाट नगर होतं' म्हटलं की नगराचं वर्णन करायची गरज उरत नाही, कारण सगळं लक्ष राजाच्या नावडत्या राणीचं काय होणार इकडे लागलेलं असतं. ट्रक हे इसेकाईचं आटपाट नगर आहे. त्याच्यापुढे लेखक काय करतो, एवढंच मी बघते.

आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. माझ्या मते इसेकाई कंटाळवाणी होते ती नायकाला सगळं फुकट मिळायला लागलं की. शक्ती फुकट, मैत्री फुकट, चार मुलींचं प्रेम फुकट, दुसऱ्या भागात राजाचा सलामही फुकट. अशी मालिका गंभीर असली तरी कंटाळा येतो आणि विनोदी असली तरी येतोच. विनोदी मालिका तुम्हाला बऱ्या वाटतात, कारण नायकाची फजिती करायची म्हणजे त्याच्या खिशाला हात घालावाच लागतो. गंभीर मालिकांतले लेखक पुष्कळदा तेवढंच टाळतात.

2016 हे वर्ष यासाठी फार बोलकं आहे. जानेवारीत 'कोनोसुबा' आणि 'ग्रिमगार' एकाच हंगामात लागल्या आणि एप्रिलमध्ये 'री:झीरो' सुरू झाली. तिन्हींत तोच कच्चा माल आहे.

'कोनोसुबा'चा पहिला भाग आठवा. नायक काझुमा ट्रकखालीसुद्धा मरत नाही. तो ट्रक समजतो तो संथ चाललेला ट्रॅक्टर असतो आणि मुलीला वाचवल्याच्या भ्रमात भीतीनेच त्याचा जीव जातो. हे सांगताना देवी आक्वा पोट धरून हसते, तेव्हा तो चिडून वर म्हणून तिलाच मागून घेतो. इथवर हे नुसतं विडंबन आहे. खरी गंमत गिल्डच्या दारात सुरू होते, कारण नाव नोंदवायला पैसे लागतात आणि दोघांकडे दमडी नसते. बाकीच्या मालिकांत हा प्रश्नच निघत नाही. मग दोघं बांधकामावर मजुरी करतात, घाम गाळून संध्याकाळी मजुरी घेतात आणि रात्री तबेल्यात गवतावर झोपतात. आक्वाला तर त्या कामाची गोडीच लागते. विनोद हसवतो तो या तबेल्यामुळे. पुढे मोठा शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा शहराच्या नुकसानीचं बिल मोठं निघतं आणि काझुमाच्या डोक्यावर कर्ज बसतं, हाही त्याच जातीचा विनोद. त्यांच्या गटातली जादूगार मेगुमिन हिचा एक स्फोट झाला की ती दिवसभरासाठी आडवी होते आणि तिला पाठीवर घेऊन गावात परतावं लागतं. एवढ्या अफाट शक्तीलाही तिथे ओझं आहे.

त्याच आठवड्यांत लागलेल्या 'ग्रिमगार'मध्ये हाच पैशांचा प्रश्न आहे, पण हसू येत नाही. सहा नवखी मुलं आहेत, आधीच्या जगाची आठवण पुसली गेलेली. सगळ्यात कमजोर शत्रू म्हणून ज्याला प्रत्येक गेममध्ये आपण एका वारात संपवतो तो गॉब्लिन त्यांच्यासमोर एकटा असतो. सहा जणांनी घेरूनही तो मरत नाही. तो ओरडतो, ओढून घेतो, जिवाच्या आकांताने हातपाय झाडतो, कारण त्यालाही जगायचंय. मुलांचे हात कापतात, वार चुकतात. शेवटी तो पडतो तेव्हा कुणी जल्लोष करत नाही. लेव्हल वाढल्याची घंटी वाजत नाही. मागे जलरंगांतली हिरवी-निळी पार्श्वभूमी तितकीच शांत राहते, आणि तेच जास्त लागतं. मग त्या कमाईत काय येतं याचा हिशेब, त्यात अंगातले कपडेसुद्धा येतात. चौथ्या भागात मानातो जातो. गटाला बांधून ठेवणारा, सगळ्यांना सांभाळून घेणारा मुलगा तो, आणि तो परत येत नाही. मंदिरातला पुजारी काही करू शकत नाही. ही मालिका बारा भागांत संपली, पुढे आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

'री:झीरो' मात्र या दोघींच्या मधोमध उभी राहते आणि तुमच्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर तीच देते असं मला वाटतं. नायक सुबारू स्वतः आपल्यासारखा प्रेक्षक आहे. त्याला सगळे ट्रोप्स पाठ आहेत. दुसऱ्या जगात पडल्या पडल्या तो आपल्याला बोलावणारी सुंदर मुलगी शोधतो, आपली शक्ती कोणती याचा अंदाज बांधतो, आणि आपण हसतो. पहिले बारा भाग त्याचा आगाऊपणा गोड वाटतो. तेराव्या भागात राजसभेत, सगळ्या सरदारांसमोर, तो त्याच आगाऊपणाने बोलतो आणि कुणी हसत नाही. मग युलियस नावाचा सरदार त्याला लाकडी तलवारीने बडवतो. त्यानंतर खोलीत तो आणि त्याचा जिच्यावर जीव आहे ती एमिलिया दोघंच असतात. तू हे का करतोस, एवढंच ती विचारते. उत्तर देता देता तो तिच्यावर केलेल्या उपकारांचा पाढा वाचायला लागतो आणि तू माझं देणं लागतेस इथपर्यंत येतो. सुबारू मेला की काळ मागे जातो आणि आधीचं फक्त त्यालाच आठवतं; ते उपकार त्याने असे मरून मरून केलेले असतात, पण तिच्या काळात ते घडलेलेच नसतात. ती निघून जाते. नायकाने वाचवलं की नायिका त्याची झाली, हा सर्वांत जुना ट्रोप या एका खोलीत उघडा पडतो. तो उघडा पडावा म्हणून आधीचे बारा भाग आपल्याला हसवावं लागलं. विनोद नसता तर हे गांभीर्य इतकं लागलंच नसतं.

आणि अठराव्या भागात पळून जाऊ या म्हणणारा सुबारू आणि नाही म्हणणारी, त्याच्यावर प्रेम करणारी रेम, जवळजवळ पूर्ण भागभर दोघं नुसती बोलतात. मी तो भाग तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा रडले.

आता जिथे मला खटकतं ते. 'मुशोकू तेन्सेई'च्या दुसऱ्या भागात शिक्षिका रॉक्सी छोट्या नायकाला, रूडियसला, घोड्यावर पुढ्यात बसवून कुंपणाबाहेर नेते. मागच्या जन्मात छळ झाल्यामुळे घरात कोंडून घेतलेला हा माणूस नव्या जन्मातही फाटकाबाहेर पाऊल टाकू शकलेला नाही. तो थरथरतो. गावातले लोक साधेपणाने हाक मारतात, घोडा चालत राहतो, आणि काही वेळाने त्याला कळतं की आपण बाहेर आहोत. रॉक्सीला आपण केवढं मोठं काम केलं याचा पत्ताही नसतो. इसेकाईतलं इतकं हळुवार दृश्य मला दुसरं ठाऊक नाही. आणि याच मालिकेत रूडियसने त्याच रॉक्सीची अंतर्वस्त्रं चोरून पूजेला लावण्याचा विनोद पुन्हा पुन्हा येतो. समर्थक म्हणतात की तो मुद्दाम दोषी दाखवलाय. दोष दाखवायचा तर त्याची झळ कुठेतरी लागायला हवी, इथे तो नुसता हशा म्हणून येतो आणि मालिका पुढे सरकते. हासुद्धा फुकटच मिळालेला विनोद, तोही दुसऱ्याच्या जिवावर. मालिका मी सोडली नाही, पण हे तिच्या बाजूने मी कधी बोलणार नाही.

स्लाइम होऊन जन्मलेल्या रिमुरूच्या 'स्लाइम' या मालिकेबद्दल थोडक्यात: दुसऱ्या सीझनमध्ये त्याची साथीदार शिऑन आणि गावातले बाकीचे मरतात तेव्हा मालिका खरंच थरारते. त्यांना परत आणण्यासाठी रिमुरू हजारो सैनिक मारतो आणि ते परत येतातही. घेतलेली किंमत लगेच परत केली जाते. मला रिमुरूचं गाव आवडतं, पण तिथे माझं हे दुखणं राहतंच.

विनोदाकडून गंभीराकडे हळूहळू जायचं असेल तर माझी शिफारस 2019 च्या 'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म'ची. पुस्तकवेडी तरुणी पुस्तकांखाली दबून मरते आणि गरीब सैनिकाच्या घरात माइन नावाची पाच वर्षांची आजारी मुलगी म्हणून जागी होते. तिला कागद कसा बनतो हे माहीत आहे, पण हातात ना ताकद, ना भांडं, ना पैसा. गवताचे धागे विणून बघते, मातीच्या पाट्या करते, मग लाकडाच्या पट्ट्या जमवते, आणि त्या पट्ट्या आई सरपण समजून चुलीत घालते. मी आधी हसले, आणि माइन कोसळून रडायला लागली तेव्हा माझं हसू विरलं. आईची काही चूक नाही. चुलीला लाकूड लागतंच.

त्यानंतर 2022 ची 'अंकल फ्रॉम अनदर वर्ल्ड' बघा. सतरा वर्षांच्या कोमातून उठलेला काका, जो दुसऱ्या जगात दिसायला कुरूप म्हणून, राक्षस समजून ज्याच्यावर लोक हल्ला करायचे. शुद्धीवर आल्यावर त्याला चिंता असते ती सेगाच्या गेम कन्सोलची. प्रत्येक भागात हसाल, आणि पुतण्याचा चेहरा बघून अधूनमधून थांबाल. मग ग्रिमगार लावा. चौथा भाग रात्री उशिरा, एकट्याने बघू नका.