वाचकांचे प्रश्न : उमेदवारांच्या यादीत नाव नाही, तरी त्या सभासदाला मत देता येते का?

क्लब आणि मंडळांच्या पदाधिकारी निवडणुकीबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. कोणत्याही वादात आधी कायदा पाहावा, मग संस्थेची घटना किंवा उपनियम, आणि त्यानंतर संस्थेने स्वीकारलेली सभासंचालनाची नियमावली. उपनियम ज्या मुद्द्यावर गप्प आहेत तिथे आम्ही ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’चा आधार घेतला आहे. अमेरिकी सैन्यातले अभियंते हेन्री रॉबर्ट यांनी ही नियमावली १८७६ मध्ये प्रथम काढली आणि २०२० मध्ये तिची बारावी आवृत्ती आली. तुमच्या संस्थेने दुसरी नियमावली स्वीकारली असेल, तर तीच लागू होईल.

प्रश्न : अध्यक्षपदासाठी दोनच अर्ज आले होते. काही सभासदांनी मतपत्रिकेवर तिसऱ्याच सभासदाचे नाव हाताने लिहिले. निवडणूक अधिकाऱ्यांनी ती मते बाद केली. हे बरोबर आहे का?

उपनियमांत ‘नामनिर्देशन झालेल्या उमेदवारालाच मत देता येईल’ अशा अर्थाचे स्पष्ट कलम असेल, तर बरोबर. तसे कलम नसेल, तर चूक. नामनिर्देशन म्हणजे सभेपुढे ठेवलेली सूचना असते. त्याने सभासदाची निवड बांधली जात नाही. गुप्त मतदानात त्या पदासाठी पात्र असलेल्या कोणाचेही नाव मतपत्रिकेवर लिहिता येते आणि असे मत छापील नावाला दिलेल्या मताइतकेच पूर्ण असते. ‘अर्ज भरण्याची शेवटची तारीख’ उपनियमांत आहे, एवढ्यावरून नाव लिहिण्यास बंदी आहे असा अर्थ काढू नये. ती तारीख मतपत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे हे ठरवते. बंदी घालायची असेल, तर ती वेगळी आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी लागते.

मतपत्रिका छापताना प्रत्येक पदाखाली एक मोकळी ओळ आणि तिच्यापुढे खुणेची चौकट ठेवावी. मतदान संगणकावर असेल, तर नाव टाइप करण्याची जागा आहे का, हे आधी तपासावे. अनेक प्रणालींत ती सोय वेगळी सुरू करावी लागते आणि नेमके तेच राहून जाते. नाव लिहिले पण चौकटीत खूण केली नाही, तरी सभासदाचा हेतू स्पष्ट असल्याने मत धरावे. शुद्धलेखनाची चूक किंवा राहिलेले आद्याक्षर यावरूनही मत बाद होत नाही. मात्र एकाच आडनावाचे दोन सभासद असतील आणि नुसते आडनाव लिहिले असेल, तर निर्णय मतमोजणी करणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये, सभेपुढे ठेवावा.

प्रश्न : बाद आणि कोऱ्या मतपत्रिका एकूण मतांत धरायच्या की नाही? आमच्याकडे दर वर्षी यावरून भांडण होते.

भांडण व्हावे असाच हा मुद्दा आहे, कारण निकाल इथेच फिरतो. कोरी मतपत्रिका म्हणजे मतदान न करणे, म्हणून ती धरायची नाही. पण मतदानाचा हक्क असलेल्या सभासदाने काहीतरी लिहिले आणि ते मत कोणाच्याच खात्यात जमा करता आले नाही (अक्षर लागत नाही, किंवा नाव अपात्र व्यक्तीचे आहे), तर ते मत एकूण मतांत धरायचे.

उदाहरण घेऊ. पेटीत ६० मतपत्रिका निघाल्या, त्यांतल्या ३ कोऱ्या. उरल्या ५७. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक, म्हणजे २९. छापील उमेदवाराला २८ मते, हाताने लिहिलेल्या सभासदाला २१, अपात्र व्यक्तीच्या नावे ५, न वाचता येणारी ३. कोणालाही २९ मिळाली नाहीत, म्हणून कोणीही निवडून आले नाही आणि फेरमतदान घ्यावे लागेल. ही ८ मते आधीच बाजूला काढली, तर एकूण ४९ उरतात, २५ ला बहुमत होते आणि २८ मतांचा उमेदवार विजयी ठरतो. पेटी तीच, निकाल वेगळा. म्हणून मतमोजणीच्या अहवालात दिलेली मते, आवश्यक मते, प्रत्येकाची मते आणि बाद मते कारणासह लिहावीत आणि तो अहवाल इतिवृत्तात जसाच्या तसा घ्यावा.

दोन भरलेल्या मतपत्रिका एकात एक घडी घातलेल्या निघाल्या, तर त्या मिळून एक बाद मत. एक भरलेली आणि एक कोरी असेल, तर कोरी सोडून भरलेली मोजावी. सभासद नसलेल्याने मत टाकल्याचे उघड झाले आणि ती मतपत्रिका ओळखता आली, तर ती एकूण मतांतही धरायची नाही. ओळखता आली नाही आणि अशा मतांनी निकाल बदलू शकत असेल, तर मतदानच पुन्हा घ्यावे.

‘सर्वाधिक मते मिळवणारा विजयी’ हा नियम उपनियमांत लिहिलेला असेल तरच चालतो. फेरमतदानात शेवटच्या क्रमांकाच्या उमेदवाराला आपोआप वगळता येत नाही.

प्रश्न : सचिवपदासाठी एकच अर्ज आला. अध्यक्षांनी लगेच ‘बिनविरोध’ जाहीर केले. आमच्या उपनियमांत ‘निवडणूक गुप्त मतदानाने होईल’ असे आहे.

मग मतदान घ्यायलाच हवे होते. उपनियमांत गुप्त मतदान सांगितले असेल, तर ते अध्यक्षांना टाळता येत नाही आणि सभेने एकमताने ठरवले तरी टाळता येत नाही. कारण साधे आहे : एकच छापील नाव असताना असहमत सभासदाजवळ दुसरे नाव लिहिणे हाच मार्ग उरतो, आणि गुप्तता गेली की तोही बंद होतो. ‘होय/नाही’ अशी मतपत्रिका छापणे हा त्यावरचा उपाय नाही. निवडणुकीत विरोध दुसऱ्याला मत देऊन होतो, ‘नाही’ म्हणून होत नाही. बिनविरोध निवडीची सोय हवी असेल, तर ‘एकच उमेदवार असल्यास मतदानाची गरज नाही’ हे वाक्य उपनियमांत दुरुस्ती करून घालावे.

प्रश्न : नामनिर्देशन समितीने यादी दिली आणि सभेत आणखी नावे घेतली नाहीत. शिवाय अनुमोदक नाही म्हणून एक नाव नाकारले.

समितीची यादी वाचून झाली की अध्यक्षांनी प्रत्येक पदासाठी ‘आणखी नावे आहेत का?’ असे विचारायलाच हवे. उपनियमांनी मागितला नसेल, तर अनुमोदक लागत नाही. सूचक-अनुमोदकाची छापील चौकट अर्जावर आहे म्हणून तो नियम होत नाही. नामनिर्देशन बंद करण्याच्या ठरावाला दोन तृतीयांश मते लागतात, पुन्हा खुले करायला साधे बहुमत पुरते. समितीच्या सदस्यांची नावेही सुचवता येतात. अध्यक्षांनी मात्र ही समिती नेमू नये आणि तिच्यावर बसूही नये.

प्रश्न : नाव लिहून निवडून आलेली व्यक्ती सभेला हजर नव्हती. दुसऱ्या दिवशी कळवल्यावर तिने नकार दिला. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पद द्यावे का?

नाही. त्याला बहुमत मिळालेले नव्हते आणि नकारामुळे ते मिळत नाही. हजर सभासदाने लगेच नकार दिला नाही, तर निवड तिथेच पूर्ण होते. गैरहजर सभासदाने आधी संमती दिली असेल, तरीही तसेच. संमती नसेल, तर कळवल्यानंतर तो लगेच नाही म्हणाला नाही की निवड पूर्ण होते. तुमच्याकडे नकार आला, म्हणजे निवडणूक अपुरी राहिली आणि त्या पदासाठी पुन्हा मतदान घ्यावे लागेल. तोपर्यंत जुना पदाधिकारी राहील की जागा रिकामी पडेल, हे मुदतीच्या कलमावर ठरते. तिथे ‘एक वर्ष किंवा उत्तराधिकारी निवडून येईपर्यंत’ असे असेल, तर जुनाच काम पाहतो. नुसते ‘एक वर्ष’ असेल, तर मुदत संपताच तो पदावरून जातो. हे कलम पुढच्या निवडणुकीची सूचना निघण्याआधीच पाहून ठेवा. मतपत्रिका सील करून ठेवण्याची आणि फेरमोजणीची मुदत संपल्यावर त्या नष्ट करण्याची तारीखही सभेतच ठरवून इतिवृत्तात नोंदवा.