शिकारीच्या कॅम्पवर रात्री गांजा चालतो का, बंदुका रिकाम्या असतील तर?

तुम्ही अमेरिकेतल्या, गांजा कायदेशीर असलेल्या राज्याबद्दल विचारताय, म्हणून आधी कायदा. राज्याने परवानगी दिली तरी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा वेगळा आहे; त्यात असा गांजा बेकायदाच. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. दुकानातून बंदूक घेताना भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवरही हे छापलेलं असतं. शिवाय कॅम्प नॅशनल फॉरेस्टमध्ये असेल तर जमीनच फेडरल, तिथे नुसता गांजा जवळ असणंही गुन्हा.

आता सुरक्षेचं. रिकामी बंदूक ही रात्रीपुरती सोय झाली. खरी अडचण पहाटेची. गांजा घातलेल्या खाऊचा अंमल चढायलाच अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात आणि तो बारा तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे रात्री दहाला खाल्लं, तर पहाटे पाचला मचाणावर चढणारा माणूस शुद्धीत असेलच असं नाही. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका.

दारूलाही हेच लागू. पहिली बाटली उघडण्याआधी बंदुका रिकाम्या करून कुलपात, काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ली न पिणाऱ्याकडे. असा एकही जण नसेल तर बेत बदला.