आबाजींच्या चेतकला पहिली किक मारण्याआधी

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

आबाजींची जुनी बजाज चेतक स्कूटर शेडमधून बाहेर काढलीस, वाचून फार बरं वाटलं. पण रविवारीच रंगाऱ्याकडे नेतो म्हणतोस, ते थांबव. रंग सगळ्यात शेवटी. आणि इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या किकवरही आत्ताच पाय ठेवू नकोस.

आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. वर उभा राहून किक दाबलीस तर किकचे दाते जातील. आधी स्पार्क प्लग काढ, त्या छिद्रातून दोन चमचे टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) सोड आणि रात्रभर तसंच राहू दे. सकाळी उजव्या बाजूचं झाकण उघडून इंजिन थंड ठेवणारा पंखा हाताने हळूहळू फिरव. सहज फिरला तर पुढे जायचं. अडला तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. जोर लावायचा नाही.

मग टाकी. जुन्या पेट्रोलला टर्पेंटाइनसारखा आंबूस वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. ते पेट्रोल पूर्ण काढून टाक. टाकी उतरवून आत टॉर्च मार. गंज दिसला तर पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेव, मूठभर नट टाकून हलव, ओत, खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळ. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ती तासाभरात खडखडीत वाळते. वाळल्याबरोबर आतून टूटी ऑइल फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होईल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वायसर नवेच घाल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेव.

मिश्रणाचं माप पाठ करून टाक: एका लिटर पेट्रोलला २० मिली टूटी ऑइल, पाच लिटरला १००. पूर्वी पंपावर टूटीचं वेगळं यंत्र असायचं. आता ते क्वचितच दिसतं, तेव्हा डिकीत बाटली आणि छोटं माप ठेव. आधी डब्यात मिसळ, मग टाकीत ओत. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो; जास्त झालं तर प्लग काळा आणि ओला होतो. या इंजिनाला तेल फक्त पेट्रोलबरोबर मिळतं, हे रामटेकचा गड उतरताना आठव. गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण बंद करून लांब उतार उतरलास की पिस्टन कोरडा पडतो. अधूनमधून थोडी मूठ पिळत राहा.

प्लग वाचायला शिक. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा तो खरं सांगतो. चॉकलेटी असेल तर उत्तम. पांढरा असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे. किक मारूनही कोरडाच राहिला तर पेट्रोल पोचत नाही. प्लगची फट ०.६ मिलीमीटर. गाडी जुन्या पॉईंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांची) असेल तर पंख्याच्या खिडकीतून पॉईंट दिसतात. तिथे फट साधारण ०.४ ठेव. पॉईंट पुन्हापुन्हा जळत असतील तर घासत बसू नकोस, कंडेन्सर बदल.

आता खरी मेख. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना एकेक ऑइल सील (रबरी कडं) असतं आणि गाडी उभी राहिली की दोन्ही कडक होतात. गिअरच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबतच नाही आणि ऑइलची पातळी उतरते. पंख्याच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मूठ सोडली तरी इंजिन ओरडत राहतं आणि थोड्याच दिवसांत पिस्टन धरतो. सील स्वस्त असतं, महाग पडते ती इंजिन उघडण्याची मजुरी. म्हणून एकदा उघडलं की दोन्ही बदल. पंख्यावरचं पत्र्याचं आवरण मात्र कधी काढून ठेवू नकोस. त्यातूनच वारा सिलिंडरवर जातो, आणि पारा ४५ अंशांवर असताना दुसरा आधार नाही.

लोक स्कूटर तिरकी का करायचे, असं विचारलंस. या गाडीत पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, पंप नाही. टाकी आटत आली की तिरकं केल्यावर तळाचं पेट्रोल नळीकडे सरकतं. एवढंच. रोज तिरकी करावी लागत असेल तर पेट्रोलच्या कॉकची जाळी साफ कर.

एका बाबतीत मात्र धसमुसळेपणा चालणार नाही. चेतकची रिम दोन तुकड्यांची असते. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते तुकडे जोडणारे नट सैल करायचे नाहीत. हवा असताना उघडलीस तर रिम तोंडावर उडते. स्टेपनी दोन्ही चाकांना चालते, म्हणून आबाजींच्या पिढीला पंक्चर झालं तरी दुकान शोधत ढकलत जावं लागायचं नाही. तीही भरून ठेव.

रंगाचं आता सांगतो. रंगारी आधी पुटीन भरतो आणि त्याखाली चॅसिस नंबर बुजतो. आरसी आबाजींच्या नावावर आहे. वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो, पंधरा वर्षं उलटल्यामुळे नूतनीकरणाला फॉर्म २५. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात. तो मिळाला नाही तर फेऱ्या मारत बसशील. आधी कागद पूर्ण कर. त्यानंतरही मूळ रंग पॉलिशने उजळतो का ते बघ. सीटच्या कडेला आणि मुठीवर जी झीज आहे ती तुझ्या आबाजींच्या हातांची आहे. ती कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही, निदान ती तरी राहू दे.

आज रात्री प्लग काढून तेल सोड. उद्या पंखा फिरला की नाही, तेवढं कळव.

तुझा,
काका