एखाद्या रॉक संगीतकाराचा देशाच्या राजकारणावर आणि सामान्य लोकांवर खरंच परिणाम होतो का?

होतो. गंमत अशी की मला आठवणाऱ्या सर्वांत ठळक उदाहरणातल्या माणसाला राजकारणात काडीचा रस नव्हता. मिलान ह्लावसा, प्रागचा, बास गिटार वाजवायचा. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि त्यानंतर लगेचच या सतरा वर्षांच्या पोराने ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड काढला. नावसुद्धा अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाच्या गाण्यावरून उचललेलं. रणगाड्यांशी बँडचा तसा काही संबंध नव्हता. तो पुढे सरकारनेच जोडून दिला.

तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत जाहीर कार्यक्रम करायला सरकारी परवाना लागायचा. १९७० मध्ये यांचा परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारने दिलेली वाद्यंही. मग जुन्या रेडिओंचे भाग जोडून अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे, आणि लग्नाच्या निमित्ताने खेड्यापाड्यांत वाजवायचं. लग्नाला कोण अडवणार! फेब्रुवारी १९७६ मधला बोयानोव्हित्से गावचा कार्यक्रम तर खऱ्याच लग्नाचा होता, बँडचा सूत्रधार इव्हान यिरोउस याच्या. महिनाभरात धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये यिरोउसला दीड वर्ष आणि सॅक्सोफोनवाल्या व्रातिस्लाव ब्राबेनेत्सला आठ महिने शिक्षा झाली. आरोप काय, तर हुल्लडबाजी.

इथे सरकारचा हिशेब चुकला. राजकीय विरोधक आत गेला की लोक म्हणत, त्याला ठाऊक होतं आपण कुठे हात घालतोय ते. ही पोरं तर नुसती वाजवत होती. मग उद्या कुणालाही उचलता येईल. नाटककार वात्स्लाव हावेल यांनी खटला स्वतः बसून पाहिला आणि त्यावर लिहिलं. लेखक, तत्त्वज्ञ, धर्मगुरू, सत्ताधारी पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट, एरवी एकमेकांपासून चार हात लांब राहणारी ही माणसं जानेवारी १९७७ मध्ये एकाच कागदाखाली सह्या करून मोकळी झाली. तो कागद म्हणजे ‘चार्टर ७७’. मागणी साधी होती: मानवी हक्कांची हमी देणाऱ्या हेलसिंकीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलीत ना, मग ते हक्क पाळा.

सामान्य माणसाचं म्हणाल तर बहुतेकांनी हा बँड ऐकलाच नव्हता, आणि ऐकला असता तर कित्येकांनी कानांवर हात ठेवले असते. (पहिल्या खेपेला मीही ठेवले होते.) चार्टर घरोघरी पोचवला तो सरकारने. वर्तमानपत्रांतून सह्या करणाऱ्यांना शिव्या पडल्या. २८ जानेवारीला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात लोकांच्या लाडक्या नटांना जमवून चार्टरचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सह्या घेतल्या. आठवडाभराने लोकप्रिय गायकांची पाळी आली. ज्याचा निषेध करायचा तो मजकूर मात्र कुठेच छापला नव्हता! राजकारणाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यालाही यात काहीतरी काळंबेरं आहे हे कळत असणारच.

किंमत मोजावी लागली ती भारी. चार्टरच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी एक, तत्त्वज्ञ यान पाटोच्का, पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर मार्च १९७७ मध्ये वारले. हावेल १९७९ ते १९८३ तुरुंगात होते. ब्राबेनेत्सला देश सोडून कॅनडात जावं लागलं.

बँडमुळे राजवट पडली असं मात्र मी म्हणणार नाही. मॉस्कोत गोर्बाचोव्हसारखे सुधारणावादी नेते नसते आणि १७ नोव्हेंबर १९८९ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले नसते, तर सह्यांचे कागद कपाटातच राहिले असते. पण त्या दिवसांत बोलणी करायला, नेतृत्व करायला जी माणसं पुढे आली, त्यांतली बरीच चार्टरच्या वेळी जुळलेली होती. डिसेंबरअखेर हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि बँड? तो १९८८ मध्येच फुटला होता. नाव बदललं तर जाहीर कार्यक्रम करू देऊ, अशी सवलत मिळत होती. ती घ्यायची की नाही यावरून भांडण झालं. चार्टरला वीस वर्षं झाली तेव्हा, १९९७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हावेल यांच्या सूचनेवरून ते पुन्हा एकत्र आले, जुन्याच नावाने.